रक्त कुणाचं

तरण तलावावर तिला सगळे कोचच म्हणत. पोरं म्हणत, पोरांचे आईबाप म्हणत, पंप चालवणारा म्हणे. तिचा स्वतःचा मुलगासुद्धा फाटकातून आत आला की 'आई' विसरून 'कोच' म्हणायचा, कारण तो एवढासा असतानाच तिने त्याला बजावलं होतं, "पाण्यात मी कुणाची आई नाही." आवाज असा की तलावाच्या त्या टोकाला पाय गार पडावेत. कितीतरी भित्र्या पोरांना तिने मानगुटीला धरून पोहायला लावलं होतं आणि त्यांतली बरीचशी आता स्वतःच्या पोरांना घेऊन तिच्याकडे येत होती.

अशी ही बाई त्या वर्षी एकाएकी पाण्यात उतरेनाशी झाली.

काळा ट्रॅकसूट घालून ती काठाकाठाने फिरायची. हातात लांब काठी. कुणी गटांगळी खाल्ली तर काठी पुढे करायची, स्वतः वाकायचीसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर कानाला हात लावून म्हणायची, "कान फुटलाय. डॉक्टर पाण्यात जाऊ नको म्हणालेत." कुठला कान हेही ती कधीकधी विसरायची. पण कोचला उलटा प्रश्न विचारायची तलावावर कुणाची छाती नव्हती.

कान धडधाकट होते. बिघडलं होतं ते भलतंच.

तिची पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. जाताना तिने बराच त्रास दिला होता. गरम वाफा आल्या की ती शिकवणं अर्धवट सोडून बुडी मारायची, वर येऊन तिकीट खिडकीतल्या मैत्रिणीला ओरडून विचारायची, "अगं, पाणी उकळायला ठेवलंय का कुणी?" मग तेही थांबलं. दर महिन्याचं पोटातलं पिळणं गेलं, ऐन स्पर्धेच्या दिवशी ओढवणारी पंचाईत गेली. कपाटात उरलेली पॅडची पाकिटं तिने कपडे बदलायच्या खोलीत ठेवून दिली, कुणाला लागली तर असावीत म्हणून. आता या बाबतीत आपलं आणि शरीराचं भांडण मिटलं, असं तिला मनापासून वाटलं होतं.

आणि एका सकाळी त्याच खोलीत, पोहण्याचा पोशाख उतरवताना, तिला डाग दिसला. गंजलेल्या नळातून पहिल्यांदा पाणी येतं ना, तशा रंगाचा. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिने स्वतःलाच सांगितलं की पायऱ्यांवरून उतरताना काहीतरी लागलं असेल. पुढच्या महिन्यात परत दिसलं, जरा जास्त. मग ते यायचं, थांबायचं, परत यायचं. घरात चोर शिरावा आणि त्याने रोज एकच वस्तू हलवून ठेवावी, तसं.

तिने एकीलाच सांगितलं, तिकीटवालीला. तेही गमतीवारी, चहाचा कप हातात घेऊन.

"परत वयात आलीस की काय!" तिकीटवाली खिडकीवर हात मारून हसली. "सांभाळ हो बाई. सासू आणि सून एकदमच बाळंत व्हाल!"

कोचही हसली. पण ते हसू तिच्या घशाखाली उतरलं नाही.

कारण तिला एक मावशी होती. धाकटी मावशी, आईपेक्षा देखणी, हसली की शेजारच्या घरात ऐकू जावं अशी. कोच तेव्हा शाळेत जात होती. एकदा मावशी राहायला आली ती मागच्या खोलीतच राहिली. खोलीचं दार कायम लोटलेलं. आई तिच्या चादरी वेगळ्या धुवायची, तेही दार लावून. पोरांना एवढंच सांगितलं होतं, "मावशीला अशक्तपणा आहे." पण दाराच्या फटीतून एक वास यायचा, गोडसर, नकोसा, आणि तो वास अशक्तपणाचा नाही हे पोरांनाही कळायचं. एक दिवस दार सताड उघडं होतं. खोलीत खाट रिकामी आणि गादी बाहेर उन्हात टाकलेली. त्या आजाराचं नाव घरात कुणीही, कधीही उच्चारलं नाही.

त्यामुळे कोचला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच ती कुणाकडे गेली नाही. जोवर डॉक्टर बोलत नाहीत तोवर आपल्याला काही झालेलं नाही, असा एक विचित्र हिशेब तिच्या डोक्यात बसला होता.

शिवाय घरात सून होती. आठवा लागलेली.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना खुर्चीत बसवून मशीनमधून डोळे तपासायचे, फ्रेमच्या दांड्या वाकवून कानावर बसवायच्या, हे तिचं काम. मूळची बोलघेवडी, चेष्टेखोर पोरगी. पण आधी दोनदा दिवस जाऊन दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं वाहून गेलं होतं आणि तेव्हापासून ती जपून हसायची. या वेळी मात्र महिने भरत गेले. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला की आधी हात घासून घासून धुवायचा, मगच बायकोच्या पोटाला हात लावायचा. तिघंही घरात असं वावरत होते की जणू कुणी जोरात बोललं तरी काहीतरी निसटेल. अशा घरात आपल्या दुखण्याचा विषय कसा काढायचा? 'पोर सुखरूप बाहेर येऊ दे, मग बघू,' असं कोचने ठरवून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला पाण्यात हलकं तरंगायला परवानगी दिली होती. पाठीला आराम पडतो म्हणून. दुपारी तलाव रिकामा असायचा, तेव्हा ती दुकानातून यायची आणि उथळ भागात कठड्याला धरून तरंगत पडायची. कोच काठावर खुर्ची टाकून बसायची. सासू-सुनेचं खरं बोलणं व्हायचं ते तिथेच.

एकदा घरी, जेवणं झाल्यावर, कोचचं लक्ष सुनेच्या तोंडाकडे गेलं.

"चष्मा बदललास?"

"जुना रुतायला लागला होता, आई. कानामागे वळ उठायचे. दांड्या सैल केल्या, तरी तेच. म्हणून मोठा घेतला."

"चेहरा भरलाय तुझा."

"तुमच्या नातवंडाची कृपा. पायसुद्धा बघा, चप्पल चढत नाही."

कोचने खाली पाहिलं. घोट्यांपाशी चपलेच्या पट्ट्यांचे खोल खड्डे होते, कणकेत बोट रुतवावं तसे. तिच्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण गरोदर बाईचे पाय सुजतातच, तिचे स्वतःचेही सुजले होते.

"तपासायला जाऊन आलीस ना?"

"डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. पुढच्या आठवड्यात जाते."

"बरी आहेस ना?"

"एकदम बरी." सुनेने ताटं उचलली आणि वळून विचारलं, "आणि तुम्ही? पाण्यात का उतरत नाही? खरं सांगा हं."

"सांगितलं ना, कान."

सुनेने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. त्या वेळी तिला स्वतःलाच एवढं काही लपवायचं होतं, की दुसऱ्याच्या खोट्यात खोल शिरायची तिची तयारी नव्हती. हे कोचला नंतर कळलं. सुनेचं डोकं तेव्हा आठवडाभर ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. नंबर वाढला असेल म्हणून तिने दुकानात कुणी नसताना मशीनमध्ये स्वतःचे डोळे तपासले. नंबर होता तेवढाच होता. ते पाहून ती जास्तच घाबरली, पण घरी बोलली नाही. दोनदा वाहून गेल्यावर तिसऱ्यांदा 'मला बरं वाटत नाहीये' हे शब्द उच्चारायचंच तिला भय वाटत होतं.

एकाच छपराखाली दोघी एकमेकींना रोज विचारत होत्या, बरी आहेस ना, बऱ्या आहात ना. आणि दोघीही हो म्हणत होत्या.

तो दिवसही इतर दिवसांसारखाच उगवला होता. सकाळची तुकडी येऊन गेली, पाणी परत सपाट झालं. दुपारी जीवरक्षक जेवायला बाहेर गेला. तलावावर फक्त पंपाची घरघर आणि क्लोरीनचा वास उरला. कोचला सकाळपासून पोटात ओढ लागली होती. पॅड बदलून झालं होतं. खुर्चीत बसताना ती जरा कडेलाच बसली.

सून पायऱ्या उतरून हळूहळू पाण्यात शिरली आणि पाठीवर तरंगू लागली. तिचं पोट पाण्यावर एखाद्या बेटासारखं वर आलं होतं. तिने डोळे किलकिले केले. मग म्हणाली,

"आज सगळे दिवे का लावलेत, आई? केवढे लखलखतायत."

कोचने वर पाहिलं. छपराखालचे दिवे बंद होते. खिडक्यांच्या उंच काचांतून दुपारचा मळकट उजेड येत होता, तेवढाच.

"दिवे बंद आहेत."

"नाही हो. तो बघा ना. तिकडे पण. ठिणग्याच ठिणग्या..."

कोच खुर्चीतून उठली. "बाहेर ये. ऐकलंस? कठड्याला धर आणि बाहेर ये."

सुनेने मान वळवली, पण तिचे डोळे कोचकडे नव्हते. ते वर कुठेतरी खिळले होते. ओठ एका बाजूला ओढले गेले. हात कठड्यावरून सुटला, बोटं आत वळली, आणि मग सगळं अंग लाकडासारखं ताठ होऊन गदागदा हलायला लागलं. तिच्याभोवतीचं पाणी उकळल्यासारखं उसळलं आणि तोंड पाण्याखाली गेलं.

कोचने उडी मारली.

ट्रॅकसूटसकट, बुटांसकट. उथळच पाणी, छातीपर्यंतचं. पण झटके देणाऱ्या शरीराला त्यात धरणं म्हणजे काय असतं ते ज्याने धरलंय त्यालाच माहीत. सुनेच्या हनुवटीखाली कोपर घालून तिने तोंड वर उचललं आणि छातीशी घट्ट दाबून धरलं. सुनेचं डोकं तिच्या गळपट्टीवर आपटत होतं. तोंडाला फेस, त्यात लाल रेघ, जीभ चावली होती. "तिकीट! ए तिकीट!" ती ओरडली. तिचा तो नावाजलेला आवाज छपराला आपटून परत आला.

तिकीटवाली धावत आली, पाहिलं आणि जागच्या जागी थिजली.

"बघत काय राहिलीस! अँब्युलन्स बोलव! आणि मग पाय धर!"

झटके थांबले तसं सुनेचं अंग एकदम ढिलं पडलं, ओल्या गादीसारखं जड. दोघींनी तिला पायऱ्यांवरून ओढत वर घेतलं आणि फरशीवर कुशीवर निजवलं. घशातून घरघर येत होती, म्हणजे श्वास चालू होता. कोच गुडघ्यांवर बसून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. वर ओढताना आपल्या पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि पायांमधून गरम ओघळ सुटला, हे तिला जाणवलं होतं. पण ट्रॅकसूट काळा होता, वरून पाणी निथळत होतं, आणि त्या वेळी तिला स्वतःचं अंग होतं कुठे!

अँब्युलन्समध्ये सून परत ताठ झाली. गाडी वळणं घेत होती. पडू नये म्हणून कोच स्ट्रेचरच्या टोकाशी बसली आणि सुनेचे पाय मांडीवर घेऊन आवळून धरले. सगळा वेळ ती एकच वाक्य म्हणत होती, पोरांना पहिल्यांदा पाण्यात सोडताना म्हणायची ते. "मी धरलंय. मी धरलंय."

दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत त्यांना आत घेतलं तेव्हा सगळंच एकदम सुरू झालं. एकीने दंडाला पट्टा गुंडाळला, एकीने सलाइन लावलं, कुणी कात्रीने ओले कपडे कापले. पट्ट्याचा आकडा वाचून सिस्टरने तो पुन्हा मोजला. डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी पोटावर यंत्र टेकवलं. बाळाचे ठोके खोलीत ऐकू आले आणि कोचला समजायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. ठोके चुकत, रेंगाळत येत होते. थकलेला पोहणारा हात मारतो तसे.

तेवढ्यात सिस्टरने चादर ओढली आणि ओरडली, "मॅडम, ब्लीडिंग!"

सुनेच्या पोटऱ्यांखालची चादर लालभडक झाली होती. पायांना रक्त, घोट्यांना रक्त.

डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. "वार सुटली. चला, टेबलावर घ्या. लगेच."

"मॅडम, एवढ्या प्रेशरवर भूल?" दुसरा एक डॉक्टर, तरुण, पुटपुटला.

"माहितेय मला. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण वार सुटली असेल तर बाळ हातातून जाईल आणि मागोमाग तीही. थांबायला वेळ कुठाय?"

तिकीटवालीचा फोन गेल्यावर मुलगा धावत येऊन दारात उभा होता. हातांना ग्रीसचे काळे डाग, श्वास लागलेला. त्याने ती चादर पाहिली आणि भिंतीला टेकला.

कोच कोपऱ्यात उभी होती. तिच्या बुटांभोवती पाण्याचं थारोळं साचलं होतं. तिने खाली पाहिलं. थारोळं गुलाबी होतं.

पुढे तिला कितीदा तरी वाटायचं, की त्या क्षणी ती गप्पही राहू शकली असती. नुसती गप्प. मुलगा समोर, अनोळखी माणसं भोवती, आणि मागच्या खोलीचं ते लोटलेलं दार. पण स्ट्रेचरची चाकं फिरायला लागली तशी तिचा आवाज फुटला.

"थांबा! ते रक्त तिचं नाही."

कुणी थांबलं नाही.

"थांबा म्हणते ना!" सगळी खोली जागच्या जागी उभी राहिली. "ते रक्त माझं आहे. तिचे पाय माझ्या मांडीवर होते. माझ्या अंगावरून जातंय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. कोचकडे पाहिलं, तिच्या बुटांकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्यांनी लगेच हातमोजे चढवले. सुनेचे पाय पुसून घेतले, तपासलं, पोटावर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं. "आतून कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "पोटही मऊ आहे. वार जागेवर आहे. ठोके झटक्यामुळे मंदावलेत, येतील वर." मग त्यांचा आवाज चढला. "टेबल थांबवा! आधी झटक्यांचं इंजेक्शन, मग प्रेशर खाली आणा. ते उतरल्याशिवाय कुणी हिला भूल देणार नाही."

औषध शिरेत उतरत गेलं. ठोके रेंगाळत, अडखळत, पण वर चढले. मग कुठे डॉक्टरीणबाई कोचकडे वळल्या.

"कधीपासून जातंय?"

"सहा-सात महिने."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"चारेक."

मुलगा भिंतीपासून सुटला. "सहा-सात महिने? आई, तुझा कान..."

"कान बरा आहे माझा," कोच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर सहानुभूती वगैरे काही नव्हती. "पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी यायचं असतं," त्या म्हणाल्या. "एक थेंब. आधी हिचं बघते. पण तुम्ही हा दवाखाना सोडून जायचं नाही."

संध्याकाळी सुनेचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मूठभर, लालसर, रडली तीसुद्धा मांजराच्या पिल्लासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सून दोन दिवस अतिदक्षता विभागात होती, डोळे उघडायची आणि परत मिटायची. मुलगा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरत राहिला. त्याला लिफ्टच्या दोऱ्या, दात्यांची चाकं सगळं उलगडून जोडता येत होतं. पण इथे कशालाच हात लावता येत नव्हता आणि त्यामुळे तो वेडापिसा झाला होता.

तिसऱ्या मजल्यावर कोच होती. आधी सोनोग्राफी झाली. पडद्यावर पिशवीचं अस्तर जाड दिसलं, नको तितकं जाड. तपासणारी पोरगी मघापर्यंत बडबडत होती, ती एकाएकी गप्प झाली. कोचने आयुष्यभर पोरांच्या चेहऱ्यांवरून त्यांचं भय ओळखलं होतं. तिला ते गप्प होणं पुरलं. मग आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आणि मग ज्या शब्दाला मावशीच्या आजारपणात घरात कधी जागा मिळाली नव्हती, तो डॉक्टरीणबाईंनी टेबलापलीकडून स्पष्ट उच्चारला.

"पिशवीचा कॅन्सर आहे. पिशवी आणि अंडाशय काढावे लागतील. किती पसरलाय ते उघडल्यावर कळेल."

"आधी आले असते तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या डागाला आला असतात, तर बहुतेक नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं."

कोचने मान हलवली. तिला रडू आलं नाही. राग आला. कुणाचा ते तिला नीट सांगता आलं नसतं. दार लावून चादरी धुणाऱ्या आईचा थोडा, खिडकीवर हात मारून हसणारीचा थोडा, आणि बाकी सगळा स्वतःचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुनेला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे आणलं. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, त्यामुळे मोठा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. तलावातलं तिला काहीच आठवत नव्हतं. दुकानातून निघाले आणि इथे जागी झाले, एवढंच. बाकीचं तिला नवऱ्याने सांगितलं होतं.

"मी रोज विचारत होते तुम्हाला," सून चष्मा वर सरकवत म्हणाली.

"मीही विचारत होते तुला."

"तुम्ही खोटं सांगितलंत."

"तू काय खरं सांगितलंस?"

"मला वाटलं, मी बोलले की तेही जाईल. आधीच्यांसारखं."

"मला वाटलं, मी बोलले की तुझ्या डोक्याला ताप." कोच खिडकीकडे बघत म्हणाली. "बघ, किती शहाण्या दोघी. एकमेकींना जपता जपता एकमेकींना मारणार होतो."

सून हसली आणि हसता हसता टाके दुखून कळवळली. मग खुर्चीतून वाकून तिने कोचचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. त्या हाताला सलाइनची सुई होती, दुखत होतं. पण कोचनेही हात काढून घेतला नाही.

पिशवी काढली. रोग अस्तर ओलांडून स्नायूत बराच आत गेला होता, पण बाहेर कुठे दिसला नाही. नंतर किरणांचे उपचार झाले. त्या महिन्यांत कोचने वजन गमावलं, भूक गमावली, आणि आवाजही थोडा गमावला. तलावावर एक तरुण मुलगी बदली कोच म्हणून आली. तिकीटवाली दर आठवड्याला भेटायला यायची. पहिल्या वेळी तिने खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या रडायलाच सुरुवात केली. "मी हसले गं तुला. मी हसले."

"तू हसलीस तरी. मी तर माझ्याच अंगाचं ऐकून घेत नव्हते," कोच म्हणाली. "आता रडणं पुरे. तुझी पाळी गेली ना दोन वर्षांपूर्वी? काही दिसलं तर मला सांगायला येऊ नकोस. सरळ डॉक्टरीणबाईंकडे जा."

तिकीटवालीने डोळे पुसले. तिने लगेच उत्तर दिलं नाही, आणि तो थोडासा वेळ कोचला अजिबात आवडला नाही.

नात वाढत होती. काचेच्या पेटीतून घरी आली, दूध ओढायला शिकली. सुनेचं प्रेशर मात्र पूर्ण उतरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की ते आता जन्मभर बघत राहावं लागेल. त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर आता दंडाला बांधायचं यंत्र असायचं. सकाळी चहाबरोबर एकमेकींना प्रश्न विचारले जायचे आणि मुलगा असला तरी कुणी आवाज खाली करायचं नाही.

"डोकं?"

"नाही. तुमचं रक्त?"

"नाही."

"खरं?"

"खरं. दंड पुढे कर."

पहिल्या मोठ्या तपासणीला तिघी गेल्या, कोच, सून आणि सुनेच्या खांद्यावर झोपलेली पोर. बाहेरच्या बाकांवर पोटुशा बायका बसल्या होत्या. त्यांच्यात इकडेतिकडे कोचच्या वयाच्याही काही जणी होत्या, पर्स मांडीवर आवळून, कुणाशी न बोलता. कोच त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांतल्या किती जणी पहिल्या डागाला आल्या असतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला.

आत डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरले. एक, मग दुसरा, मग परत पहिला. चष्मा कपाळावरून खाली आला. खोलीत पोरीच्या झोपेतल्या श्वासाचा आवाज येत होता.

"आत्ता तरी काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

सुनेने डोळे मिटून घेतले. कोचने मात्र डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरची नजर काढली नाही.

"आत्ता तरी, म्हणजे?"

"म्हणजे तीन महिन्यांनी परत यायचं. आणि मध्ये काही वाटलं तर त्याच दिवशी."

"येईन," कोच म्हणाली. मग सुनेकडे वळून तिने हात पुढे केले. "दे तिला माझ्याकडे. तुझा हात अवघडला असेल."

पोर तिच्या खांद्यावर आली, जागी झाली आणि जोरात रडायला लागली. पिल्लासारखं नाही, चांगलं खणखणीत, सगळ्या दवाखान्याने मान वळवून बघावं असं. तिला थोपटत कोच बाहेरच्या बाकांमधून वाट काढत चालू लागली. पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे आता काहीच उरलं नव्हतं, तिथे तिला एक हलकी ओढ जाणवली. टाक्यांची असेल. ती थांबली, आणि सून जवळ येईपर्यंत थांबून राहिली.

"ऐक," ती म्हणाली, "मला आत्ता इथे जरा ओढल्यासारखं वाटलं."

सुनेने तिच्याकडे पाहिलं, ती मागे वळली आणि डॉक्टरीणबाईंच्या दारावर परत टकटक केली.